योजना तीन, टेबल एकच

परवा सोसायटीच्या कट्ट्यावर एक काका अभिमानाने सांगत होते, "मी सगळे पैसे एका ठिकाणी ठेवत नाही बरं का. तीन वेगवेगळ्या फंडांत एसआयपी आहे." विचारलं, कोणकोणते? त्यांनी मोबाइल उघडून दाखवला. नावं खरंच तीन होती, पण तिन्ही एकाच फंड हाऊसची.

काकांना म्हटलं, तुमच्या योजना तीन आहेत, पण निर्णय घेणारं टेबल एकच आहे. त्यांना पटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका महिन्यातली एसआयपी पहिल्यांदाच २५ हजार कोटींच्या वर गेली. इतका पैसा जिथे जातो तिथलं काम कसं चालतं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

माहितीपत्रकावर फंड मॅनेजरचं नाव असतं. त्यामुळे वाटतं, हा एकटा माणूस सगळं ठरवतो. प्रत्यक्षात मागे अख्खी टीम असते. एक विश्लेषक बँका बघतो, दुसरा औषध कंपन्या, तिसरा वाहन उद्योग. ते ताळेबंद चाळतात, कंपनीच्या लोकांना भेटतात आणि टीमसमोर शिफारस मांडतात. त्यातून बहुतेक ठिकाणी एक मंजूर यादी तयार होते, आणि हाऊसमधले सगळे फंड मॅनेजर त्याच यादीतून खरेदी करतात. वर मुख्य गुंतवणूक अधिकारी, बाजूला रिस्क बघणारा, शेवटी ऑर्डर टाकणारा डीलर. शिवाय एका हाऊसच्या सगळ्या योजना मिळून कुठल्याही कंपनीत १० टक्क्यांपेक्षा जास्त मतदानहक्क ठेवू शकत नाहीत. म्हणजे छोटी कंपनी असेल तर कोणाच्या योजनेला किती शेअर, हेही आपसात बोलूनच ठरवावं लागतं.

यात वाईट काहीच नाही. उलट एकाच 'स्टार' मॅनेजरच्या डोक्यावर कोट्यवधी रुपये सोडण्यापेक्षा हे बरं. अडचण येते ती टीमचं एकमत फार सहज व्हायला लागलं की.

आपल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवा. चेअरमन आधी बोलतात, "मला वाटतं लिफ्टचं काम याच कंत्राटदाराला द्यावं." मग सेक्रेटरी मान डोलावतात. ज्याने दुसरं कोटेशन आणलेलं असतं तो कागद खिशातच ठेवतो. इतिवृत्तात येतं, 'सर्वानुमते मंजूर'. मोठमोठ्या काचेच्या ऑफिसांतही माणसंच बसतात हो. साहेब आधी बोलले आणि बोनस साहेबांच्या हातात असला, की दोन वर्षं नोकरी झालेला पोरगा "सर, मला हे पटत नाही" म्हणेल का?

आता फ्रँकलिन टेम्पलटनचं उदाहरण घ्या. २३ एप्रिल २०२०, लॉकडाऊन लागून महिना झालेला. फंड हाऊसने सहा डेट योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सुमारे २५ हजार कोटी रुपये आणि तीन लाखांच्या आसपास गुंतवणूकदार अडकले. सहा योजनांची नावं आणि लेबलं वेगवेगळी होती. कुठे अल्ट्रा शॉर्ट, कुठे शॉर्ट टर्म, कुठे क्रेडिट रिस्क. पण आत कमी रेटिंगच्या, जास्त व्याजाच्या रोख्यांचीच वाट धरलेली होती, आणि त्याच त्या कंपन्यांचे रोखे अनेक योजनांत होते. त्याआधी जानेवारीत व्होडाफोन आयडियाच्या रोख्यांची किंमत शून्य धरावी लागली, तेव्हा एका झटक्यात अनेक योजनांना झळ बसली होती. ज्याने 'सुरक्षित आणि थोडं जोखमीचं' अशी वाटणी म्हणून यातल्या दोन योजना घेतल्या, त्याची वाटणी कागदावरच राहिली. २०२१ च्या आदेशात सेबीनेही हेच बोट ठेवलं, की वेगवेगळ्या प्रकारच्या योजना एकाच पद्धतीने चालवल्या गेल्या.

हेही सांगायला हवं की पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली एसबीआय म्युच्युअल फंडाने वसुली केली आणि लोकांना टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले. पण ज्याला ते मे महिन्यात हॉस्पिटलच्या बिलासाठी हवे होते, त्याला नंतर मिळून काय उपयोग?

नियम नाहीत असं नाही. प्रत्येक गुंतवणुकीच्या निर्णयामागची कारणं लिहून ठेवणं फंड कंपनीला बंधनकारक आहे. रिस्क ऑफिसर नेमावा लागतो. २०२१ मध्ये तर प्रमुख अधिकाऱ्यांच्या पगाराचा काही भाग त्यांच्याच योजनांत गुंतवण्याचा नियम आला. हे सगळं चांगलंच आहे. पण निर्णयाची कारणं लिहिली जातात ती फाइलमध्ये. आपल्याला दिसतो तो फक्त निकाल, म्हणजे महिन्याचा पोर्टफोलिओ.

माझं म्हणणं एवढंच आहे, की टीममध्ये मतभेद होतात का आणि त्यांचं पुढे काय होतं, हे थोडं तरी बाहेर दिसू द्या. कोण काय बोललं ते नको, वर्षातून एकदा आकडे द्या. रिस्क विभागाने किती वेळा आक्षेप घेतला आणि तरी किती वेळा खरेदी झाली? ट्रस्टी आणि संचालक मंडळाची परवानगी घेऊन एखाद्या कंपनीची मर्यादा किती वेळा वाढवली? हाऊसच्या किती योजनांत तोच रोखा आहे? यात कुठलंही व्यापारी गुपित फुटत नाही. वर्षभर सगळंच 'सर्वानुमते' झालं असेल, तर तेही आपल्याला कळू दे.

तोवर आपल्या हातात काय आहे? महिन्याचा पोर्टफोलिओ फंड हाऊसच्या साइटवर फुकट मिळतो. आपल्या योजनांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. एचडीएफसी बँक, रिलायन्स अशी मोठी नावं सगळीकडे दिसणारच, त्यावर जाऊ नका. मधल्या-छोट्या कंपन्या आणि डेट योजनेतले रोखे बघा. तीच ती नावं परत परत आली, तर तुम्ही एकच मत तीनदा विकत घेतलंय. एजंटला विचारा, दुसरी योजना दुसऱ्या हाऊसची का नाही? उत्तर ऐकताना त्याचा चेहरा बघा.

काकांनी काल याद्या काढून पेन घेऊन खुणा केल्या. दोन योजनांच्या पहिल्या दहांत सात नावं तीच निघाली. आता ते तिसऱ्या योजनेची यादी बघतायत.