तलाव गावाचा, राखणही गावाची

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतील बहुतेक जुने तलाव गोंड राजवटीच्या काळातले असून ते बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हे त्यांच्याच कर्तबगारीचे उदाहरण. रचना साधी आणि पक्की: उतारावर आडवी घातलेली मातीची पाळ, शेताला पाणी सोडायला तुडुम आणि जादा पाणी वाहून जायला सलंग. वरच्या तलावातून निघालेले पाणी खालच्या तलावात उतरे. पावसाने ओढ दिली की याच पाण्यावर धान तगे.

तलावाचा उपयोग सिंचनापुरता नव्हता. ढिवर समाजाची मासेमारी, शिंगाड्याची लागवड, गुरांचे पाणी आणि गावची विहीर, सारे त्यावर अवलंबून होते. पाण्याखालच्या वनस्पतींत मासे अंडी घालत. काठाच्या उथळ भागात देवधान उगवे आणि हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरत. गोंदिया परिसरातील सारस आजही अशा तलावांवर आणि भातखाचरांवर जगतो.

ही व्यवस्था समतेची नव्हती. मालगुजाराचा, म्हणजे गावचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदाराचा, अधिकार मोठा होता आणि दुरुस्तीच्या कामात वेठबिगारीही होती. तरीही पाळ कोण बांधणार, गाळ कोण काढणार, पाणी कोणत्या क्रमाने मिळणार, हे गावात ठरलेले असे. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, ते योग्यच झाले. तलाव सरकारकडे आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालक बदलला, पण राखणीची जबाबदारी गावाकडे रीतसर कोणीच सोपवली नाही. पाळी खचल्या, गाळ साचला, काठावर अतिक्रमणे झाली, बेशरमाची झुडपे पाण्यात शिरली. उत्पन्नासाठी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले गेले आणि मरळ, शिंगी, मागूर यांसारखे स्थानिक मासे मागे पडले.

या पडझडीला उत्तर गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही गावांनी दिले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने तेथील ढिवर मच्छीमारांनी आणि महिलांच्या गटांनी तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम हाती घेतले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट उपटायचा, तळाची जमीन नांगरायची, पावसाच्या सुरुवातीला स्थानिक पाणवनस्पती लावायच्या आणि गावठी मासे पुन्हा सोडायचे, असा हा क्रम आहे. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर वाढते आणि कोणत्या माशाला तिचा आसरा लागतो, हे ज्ञान मच्छीमारांचेच होते. केवळ यंत्राने गाळ उपसला, तर तलाव खोल होतो. पण वनस्पतींची मुळे, कंद आणि बीही गाळासोबत निघून जाते. म्हणून तलावाची दुरुस्ती त्याला ओळखणाऱ्यांना विचारूनच व्हायला हवी.

कायद्यात यासाठी वाटाही आहेत आणि खाचखळगेही. 2017च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले, त्यामुळे मामा तलावांना त्या नियमांचे कवच मिळत नाही. उलट 2006चा वनहक्क कायदा वनक्षेत्रातील जलस्रोतांतील मासे व इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क मान्य करतो आणि 1996चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांत लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतीकडे देतो. हे हक्क कागदावरून तलावाच्या पाळीवर आले, तरच राखणदारीला बळ मिळेल.

दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला येते आणि पावसाळ्यात भरलेले तलाव काठोकाठ दिसतात. हे चित्र टिकवायचे तर सरकारने निधी द्यावा, तांत्रिक मदत द्यावी, अतिक्रमणे हटवावीत. पण मासेमारीचा ठेका, पाणीवाटप आणि दुरुस्तीचा निर्णय ग्रामसभेत, ढिवर, शेतकरी आणि महिला यांच्या संमतीने व्हावा. ज्यांचे पोट तलावावर आहे त्यांच्या हाती हक्क दिल्याशिवाय एकही तलाव टिकणार नाही. वाचकांनी आपल्या गावचा तलाव, नदी किंवा ओढा कोणाच्या ताब्यात आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारावे आणि त्याच्या राखणीत स्वतःचा वाटा उचलावा.