बारमाही वाटेची सुट्टी

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट राज्यात ईस्ट बर्क नावाचे चिमुकले गाव आहे. या गावाभोवतीच्या डोंगर-टेकड्यांवर ‘किंग्डम ट्रेल्स’ या ना-नफा संस्थेने १९९४ पासून सायकलवाटांचे जाळे विणले आहे. त्याची लांबी १६० किलोमीटरहून अधिक. उन्हाळ्यात तेथे माउंटन बाइकवाल्यांची रीघ लागते, यात नवल नाही. पण जानेवारीत, पारा शून्याखाली गेला असतानाही तेथे सायकली फिरतात. त्या असतात जाडजूड टायरच्या ‘फॅट बाइक’. उन्हाळ्यात माती, हिवाळ्यात बर्फ, म्हणून ही सायकलसफर बारमाही. तरीही दरवर्षी वसंतात काही आठवडे या वाटा सायकलींना बंद असतात. बारमाही म्हणवणाऱ्या या उपक्रमातून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ही बंदीच आहे.

आधी फॅट बाइकचे विज्ञान पाहू. १९८७ साली अलास्कात ‘इडिटाबाइक’ ही बर्फावरची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, तेव्हा स्पर्धक दोन-दोन रिम जोडून रुंद चाके तयार करत. २००५ मध्ये सर्ली कंपनीची ‘पग्स्ली’ आली आणि हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला. साध्या माउंटन बाइकचा टायर सव्वादोन-अडीच इंच रुंद असतो, फॅट बाइकचा सुमारे चार ते पाच इंच. खरी किमया मात्र हवेच्या दाबात आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. बर्फावरच्या फॅट बाइकमध्ये ती दहाच्याही खाली ठेवतात. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरले, तर २५ पीएसआय दाबाला दोन्ही चाके मिळून सुमारे ५० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात. दाब सहावर आणला की तीच जागा दोनशे चौरस सेंटिमीटरच्या पुढे जाते. हिशेब ढोबळ आहे, पण तत्त्व स्पष्ट आहे. वजन तेवढेच राहते, ते चौपट जागेवर पसरते आणि चाक रुतत नाही.

तरीही कोणत्याही बर्फावर ही सायकल चालत नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ यंत्राने दाबावा लागतो आणि मग काही तास तसाच सोडावा लागतो. त्या वेळात बर्फाचे कण एकमेकांना चिकटून घट्ट थर तयार होतो. दुपारी ऊन चढले की तो पुन्हा मऊ पडतो. त्यामुळे हिवाळी वाटांवर एक साधा नियम रूढ झाला आहे. चाकामागे इंचभराहून खोल चाकोरी उमटत असेल किंवा सायकल सरळ रेषेत चालत नसेल, तर मागे फिरायचे. कारण ती चाकोरी रात्री गोठते आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला पाडते.

वसंतातली बंदी याच तर्काची पुढची पायरी आहे. थंडी सरताना जमिनीचा वरचा थर आधी वितळतो, खालचा मात्र गोठलेलाच असतो. वरचे पाणी खाली मुरत नाही. माती पाण्याने गच्च भरते आणि तिची वजन पेलण्याची ताकद जाते. अशा मातीवरून गेलेले प्रत्येक चाक एक छोटी चारी खणते. पुढच्या पावसाचे पाणी तीच चारी पकडते, तिचा ओघळ होतो, ओघळाची घळ होते. चिखल टाळणारे सायकलस्वार कडेच्या गवतातून जातात आणि वाट दुप्पट रुंद होते. एका आठवड्याच्या हौसेने झालेले नुकसान दुरुस्त करायला स्वयंसेवकांचा उन्हाळा खर्ची पडू शकतो.

आणि ही जमीन तरी कोणाची? ईस्ट बर्कच्या बहुतांश वाटा खासगी मालकीच्या शेता-रानांतून जातात. जमीनमालकांनी वापराची परवानगी दिली, म्हणून त्या अस्तित्वात आहेत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तीन जमीनमालकांनी आपल्या जमिनीवर सायकलींना मनाई केली. वाढती गर्दी आणि काही सायकलस्वारांचे वागणे यांबद्दलच्या तक्रारी त्यामागे होत्या. जाळ्यातील अत्यंत लोकप्रिय वाटा त्यामुळे तुटल्या. पर्यटनावर बऱ्याच अंशी तगणाऱ्या गावाला तो मोठा धक्का होता. वाट जशी चाकांनी झिजते तशी उद्दामपणानेही झिजते, आणि या दुसऱ्या झिजेवर फावड्याने उपाय होत नाही.

शरीराच्या बाबतीतही ऋतूची मर्जी राखावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. थंड प्रदेशात हिवाळ्यात दिवस लहान होतो, बाहेर पडणे कमी होते आणि हा हिशेब कोलमडतो. फॅट बाइकचे आरोग्यमूल्य येथे आहे. ती माणसाला वर्षातले चार-पाच महिने घरात बसू देत नाही. मात्र जुलैचा व्यायाम जसाच्या तसा जानेवारीत करता येत नाही. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यात चढाची भर पडली की हृदयावर दुहेरी ताण येतो. थंड, कोरडी हवा जोरजोरात ओढल्याने श्वासनलिका आकुंचन पावतात, दमेकऱ्यांना याचा विशेष त्रास होतो. उणे १० अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला ते उणे १८ सारखे जाणवते. उतारावर सायकलचा वेगच हा वारा निर्माण करतो. चढावर घामाने भिजलेला सुती कपडा उतारावर शत्रू ठरतो. थंडीत तहान कमी लागते, पण शरीरातले पाणी कमी होतच राहते. म्हणून हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे साहस करू नये.

आता ऋतूंचेच वेळापत्रक बिघडते आहे. व्हरमाँटमध्ये हिवाळा इतर ऋतूंपेक्षा वेगाने उबदार होत आहे. म्हणजे घट्ट बर्फाचे दिवस घटणार आणि चिखलाचे वाढणार. २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन जुलै महिन्यांत तेथे महापूर आले. तेव्हा वाट कधी उघडायची, हे यापुढे कॅलेंडर पाहून ठरवता येणार नाही. रोज माती पाहूनच ठरवावे लागेल.

आपल्याकडेही जाड टायरच्या सायकली गेली काही वर्षे रस्त्यांवर दिसतात. बहुतेक फिरतात डांबरावर, जिथे त्या टायरचा उपयोग काही नाही आणि पायाला ओझे मात्र होते. सह्याद्रीत बर्फ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आहे. भिजून फुगलेली माती येथेही चाकाखाली तशीच खचते, चारीचा ओघळही तसाच होतो. पावसाळी सायकलभ्रमंतीची आवड चांगलीच, ती वाढावी. पण जाड टायर घेतला म्हणजे कोणत्याही दिवशी कोणत्याही टेकडीवर चढण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. टेकडीवर चढण्यापूर्वी एकदा मागे वळून आपल्या चाकाची खूण पाहावी. ती खोल उमटत असेल, तर त्या दिवसाचा व्यायाम डांबरी रस्त्यावर करावा. वाट शाबूत राहिली, तर दसऱ्यानंतर ती आपलीच आहे.