तबकडीची दुसरी बाजू

बंगळूर येथील वास्तव्यात अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या गायनाचे एक पुनःप्रकाशन ऐकण्याचा योग आला. किराण्यात जन्मलेला आणि मिरजेत स्थिरावलेला हा गायक त्यात त्यागराजांची 'रामा नी समानमेवरु' ही तेलुगू कृती गातो. १९३७ साली निवर्तलेल्या गायकाचा स्वर असा पुन्हा कानी पडावा, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु वेष्टनावर ध्वनिमुद्रणाचे वर्ष नव्हते, मूळ तबकडीचा क्रमांक नव्हता, आणि तिच्या दुसऱ्या बाजूवर काय होते याचाही उल्लेख नव्हता. पोथीचे एक सुटे पान हाती द्यावे आणि पोथीचे नाव मात्र सांगू नये, तसा हा प्रकार झाला.

हा प्रश्न केवळ संगीतज्ञांचा आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. आपले भक्तिसाहित्य कागदाइतकेच कंठातून टिकले आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचाच अवकाश असे. त्यामुळे अभंगाचे कोणते चरण ठेवावयाचे, कोणते गाळावयाचे आणि कोणत्या शब्दापाशी पुन्हा यावयाचे, याचा निर्णय गायकास करावा लागे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय म्हणजे एक पाठच होय. गाथेच्या दोन प्रतींतील एका शब्दाच्या भेदासाठी आपण पाने खर्ची घालतो. गायिलेल्या पाठाची मात्र नोंदही घेत नाही. भीमसेन जोशी यांचा कंठ अभंगवाणीत तुकोबांपाशी आणि दासवाणीत पुरंदरदासांपाशी सारखाच रमला. मराठी-कन्नड भक्तिकाव्याच्या तौलनिक अभ्यासास याहून मोलाचे साधन कोणते?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल या ख्रिस्ती भक्तिगीतांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. ही ध्वनिमुद्रणे नष्ट होत असल्याकडे रॉबर्ट डार्डन या प्राध्यापकाने २००५ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखातून लक्ष वेधले. त्यातून टेक्ससमधील बेलर विद्यापीठात त्यांच्या जतनाचे कार्य उभे राहिले. तेथे तबकड्यांच्या दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, तेव्हा दुर्लक्षित बाजूंवर नागरी हक्कांच्या चळवळीशी निगडित गीते अपेक्षेहून अधिक आढळली. केवळ गाजलेली बाजू निवडली असती, तर हा इतिहास मुकाच राहिला असता. २००३ च्या 'गुडबाय, बॅबिलॉन' या संचासोबत तर दोनशे पृष्ठांचे पुस्तक असून त्यात गीतांचे शब्द व बायबलमधील संबंधित वचने दिलेली आहेत.

आपल्याकडे मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स (१९९०) आणि बंगळूरचे आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक यांनी संग्रहाचे व प्रसाराचे मोलाचे कार्य केले आहे. भाषाविभागांनी आता आपला वाटा उचलावयास हवा. गायिलेली संहिता उतरून घ्यावी, ती छापील पाठांशी ताडून पाहावी, आणि पुनःप्रकाशनात वर्ष, क्रमांक व दोन्ही बाजूंचा तपशील यावा असा आग्रह धरावा. गाणे ऐकावे, त्याची चिरफाड कशाला, असा आक्षेप यावर येईल. परंतु पाठचिकित्सेने ज्ञानेश्वरीची गोडी उणावली नाही. लाखेची तबकडी ठिसूळ असते. तिची अखेरची प्रत फुटली, तर तिच्यावरचा पाठही तिच्यासवे जातो.