माजी विद्यार्थ्यांच्या हाती प्रवेशाची किल्ली?

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या अमेरिकन विद्यापीठांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याची गाठ पुष्कळदा त्या विद्यापीठाच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी घालून दिली जाते. हा गृहस्थ वकील असेल, डॉक्टर असेल, बँकेतला अधिकारी असेल. अर्धा-पाऊण तास बोलणे होते आणि त्याचा अभिप्राय प्रवेश कार्यालयाकडे रवाना होतो. या कामाचा मेहनताना त्याला मिळत नाही. मुंबई-पुण्याहून अर्ज करणाऱ्या मुलामुलींवरही हा प्रसंग येतो.

गुणपत्रिकेत न मावणारा माणूस समोरासमोर कळतो, हे या प्रथेचे समर्थन. ते ऐकावयास गोड आहे. पण इतिहास तितकासा गोड नाही. १९२२ च्या सुमारास हार्वर्डमधील ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पंचमांशाच्या पुढे गेले आणि अध्यक्ष लॉवेल अस्वस्थ झाले. उघड मर्यादा घालण्याचा त्यांचा बेत प्राध्यापकांनी हाणून पाडला. तेव्हा १९२६ पासून गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांची पारख सुरू झाली, अर्जासोबत छायाचित्रही मागविले जाऊ लागले. परीक्षेत अडवता येत नव्हते, त्यांना व्यक्तिमत्त्वात अडविण्यात आले!

हा संशय मनात ठेवून अलीकडच्या खटल्याकडे पाहिले, तर मात्र एक चमत्कारिक गोष्ट आढळते. आशियाई वंशाच्या अमेरिकन अर्जदारांवर अन्याय होतो, अशी तक्रार घेऊन २०१४ साली हार्वर्डविरुद्ध दावा दाखल झाला. २०१८ च्या सुनावणीच्या निमित्ताने दप्तरे उघडली. ज्यांनी या मुलांना प्रत्यक्ष पाहिले होते, त्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला गोऱ्या मुलांच्या जवळपास तेवढेच गुण दिले होते. ज्यांनी त्यातल्या बहुतेकांचे तोंडही पाहिले नव्हते, त्या कार्यालयीन अधिकाऱ्यांनी मात्र कमी दिले होते. म्हणजे दोष मुलाखतीचा नव्हे, तर बंद खोलीत होणाऱ्या आणि कोणालाही जाब न देणाऱ्या मूल्यमापनाचा म्हटला पाहिजे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धतीच घटनाबाह्य ठरविली.

मग प्रत्यक्षात फारसे वजन नसलेली ही मुलाखत चालू का राहते? अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर अवघड नाही. विद्यापीठाला फुकट श्रम मिळतात, आणि माजी विद्यार्थ्याला आपण अजून संस्थेचे कोणी आहोत असे वाटत राहते. ज्याला असे वाटते, तोच देणगीचा धनादेश लिहितो. त्याच्या मुलाबाळांचा प्रश्न पुढे येतो तो इथे. याच खटल्यातील आकडे सांगतात, की माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश अर्जदारांना हार्वर्डने प्रवेश दिला. इतरांत हे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते. त्यातली काही मुले मुळातच हुशार आणि सुस्थितीतली असणार, हे मान्य केले तरी अंतर डोळ्यांत भरते.

आपल्याकडे मुलाखतीचा अनुभव वेगळा नाही. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. उमेदवाराला दोन-तीन मिनिटांत वाटेला लावले जाई. १९८० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला शेकडा १५ हून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरविले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असे सुचविले. मर्यादा उघड आणि पुरावा हाताशी, हे त्यातले मर्म. अमेरिकेतील खाजगी विद्यापीठांना अशा शिस्तीची सवय नाही.

माजी विद्यार्थ्यांशी नाते तुटेल, म्हणून वारसाची सवलत हवी, असे तेथे वारंवार सांगितले जाते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था हार्वर्डच्या शेजारीच, केंब्रिज गावात आहे. तीही अर्जदारांच्या मुलाखती माजी विद्यार्थ्यांकडूनच घेवविते; पण त्यांच्या मुलांना प्रवेशात कसलेही झुकते माप देत नाही. माजी विद्यार्थी तरीही मुलाखती घ्यायला येतात.