फाटकावरचा फळा कोणासाठी?

आपल्या गावाचे नाव परगावी सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, "तिथे ते अणुवीज केंद्र आहे ना? भीती नाही वाटत?" बोईसर-तारापूरकडच्या प्रत्येक मुलाने हा प्रश्न ऐकलेला असतो आणि प्रत्येकाचे उत्तरही ठरलेले असते, "छे, सवय झाली." उत्तर खरे आहे. पण प्रश्न मात्र भलत्याच रिअ‍ॅक्टरविषयी विचारला जातो, असे मला वाटते.

अणुकेंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या भोवतीच्या १.६ किलोमीटरच्या पट्ट्यात वस्ती नको आणि १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आणीबाणीचा आराखडा तयार हवा, एवढा विचार तरी तेथे झाला. (तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांचे दुःख हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) याउलट आपल्या औद्योगिक वसाहतीत औषधे, रंग आणि कीटकनाशके यांना लागणारी द्रव्ये ज्या पोलादी हंड्यांत शिजतात, त्यांनाही कामगार रिअ‍ॅक्टरच म्हणतात. त्या हंड्यात आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसात एक भिंत असते, फार तर एक गटार आणि वडापावची गाडी. 'वसाहत' हा शब्द कोणी योजला कोण जाणे! प्लॉट पाडताना जागा ठेवली ती यंत्रांसाठी. ती चालवणारी माणसे मिळेल त्या चाळीत, मिळेल तितक्या जवळ राहिली.

८ मार्च २०१८ च्या रात्री येथे स्फोट झाला, तीन माणसे गेली. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी झालेल्या स्फोटात आठ गेली. तो आवाज दूरदूरच्या गावांनी ऐकला. ऑगस्ट २०२५ मध्ये वायुगळतीने चार कामगारांचा बळी घेतला. अशा प्रत्येक वेळी लोक घराबाहेर येतात, आकाशातल्या लाल उजेडाकडे पाहतात आणि एकमेकांना विचारतात, "कुठली कंपनी? काय होतं तिच्यात?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गर्दीत कोणालाही देता येत नाही. धुराच्या दिशेने पळावे की उलट, दारे लावून आत बसावे की मोकळ्या मैदानात जावे, हे त्या उत्तरावर अवलंबून असते. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री माणसे वायूबरोबरच धावत सुटली. तोंडावर ओले फडके धरा, एवढे सांगणारा जरी कोणी असता तरी कित्येक वाचते.

भोपाळनंतर कायदा जागा झाला. १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम आले. त्यानुसार धोकादायक कारखान्याने आपल्या धोक्यांची माहिती कामगारांना तर द्यायचीच, पण आसपासच्या जनतेलाही द्यायची, असे ठरले. १९९६ च्या नियमांनी प्रत्येक औद्योगिक पट्ट्यासाठी एक स्थानिक गट नेमायला सांगितला. त्यात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर सरपंच, डॉक्टर, समाजसेवक, एवढेच काय, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादकही धरला आहे. गटाची बैठक दरमहा व्हावी, असेही नियमांत आहे. आपल्या वर्गातल्या किती जणांनी या गटाचे नाव ऐकले आहे?

फाटकांवर फळे आहेत, हे मान्य. सर्वोच्च न्यायालयाचाच तसा आदेश आहे. पण त्या फळ्यांवर काय असते? इंग्रजी नावे, टनांचे आकडे, परवान्याची मुदत. ही माहिती तपासनिसासाठी झाली. शेजारच्या पाड्यावरच्या बाईला त्यातून काय बोध व्हावा? कायद्याने 'जनतेला' म्हटले आणि व्यवहाराने ते 'फाटकावर' असे वाचले.

हा रोग केवळ आपलाच आहे, असे नव्हे. अमेरिकेत जमिनीखालच्या खडकात जबर दाबाने पाणी, वाळू आणि रसायने घुसवून वायू काढतात. त्याला फ्रॅकिंग म्हणतात. तेथेही शाळांजवळच्या विहिरींत नेमके काय ओतले, असे पालकांनी विचारले की 'व्यापारी गुपित' हे उत्तर मिळत आले. तरी लोकांनी रेटा सोडला नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा केला की तेल-वायूची नवी विहीर घरे, शाळा, दवाखाने यांपासून ३,२०० फुटांच्या आत खोदायची नाही. आपल्याकडे आता तेवढे अंतर आणायचे कोठून? जे अंतर हरवले, त्याची थोडीफार भरपाई माहितीनेच होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल, या कारखान्यांवर आमच्या चुली पेटतात, त्यांना नावे कशाला ठेवता? चुली पेटतात हे खरेच आहे. या अंकाला मिळालेल्या जाहिरातीही बहुधा तेथूनच आल्या असतील. पण चूल पेटवणाऱ्यालाच आधी ठाऊक हवे ना, की शेजारच्या गोदामात काय भरले आहे? आणि चुली नवापूर-दांडीच्या मच्छीमारांच्याही आहेत. समुद्राकडे जाणाऱ्या नळातून काय वाहते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. खाडीत तरंगणाऱ्या मेलेल्या माशांनी सांगितले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली हरित न्यायाधिकरणापुढे गेली, तेव्हा कोठे कागद हलू लागले. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. परीक्षेत एवढे गुण आपल्यापैकी कोणाला पडल्याचे ऐकिवात नाही!

आम्ही कला शाखेचे, रसायनातले आम्हाला काय कळणार, ही सबब मला पटत नाही. द्रव्याची घातकता ठरवणे हे विज्ञानवाल्यांचे काम, पण ती सांगायची कशी, हा भाषेचा प्रश्न आहे आणि भाषा हा आमचा विषय. स्थानिक गटाच्या बैठकीचे इतिवृत्त मराठीत करून ग्रामपंचायतीत लावावे. फाटकावरच्या फळ्याशेजारी दुसरा फळा हवा. मराठीत, परप्रांतीय कामगारांसाठी हिंदीत, आणि पाड्यांसाठी वारली बोलीत कोणी करून दिला तर फारच उत्तम. त्यासाठी टोलुइनला संस्कृत प्रतिशब्द शोधत बसू नये. वास कसा येतो, डोळे चुरचुरले तर काय करायचे, भोंगा किती वेळा वाजला म्हणजे घर सोडायचे आणि वारा समुद्राकडून असेल तर कोणत्या बाजूला चालत जायचे, एवढे चार ओळींत बसते. वसाहतीतल्या एखाद्या व्यवस्थापकाची तयारी असेल, तर पहिला फळा लिहायला आमच्या मराठीच्या वर्गातून पाचसहा जण मिळतील. अक्षर चांगले आहे.