‘साठी बुद्धी नाठी’ शिकवताना एवढं मात्र सांगा



म्हणी आणि वाक्प्रचार शिकवताना ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सगळ्यांनीच कधी ना कधी शिकवली आहे. फळ्यावर अर्थ लिहितो, मुलं हसतात, आपणही हसतो आणि पुढच्या म्हणीकडे वळतो. माझं मत असं आहे, की या म्हणीपाशी आता दोन मिनिटं जास्त थांबायला हवं. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारावर जी नवी औषधं आली आहेत, ती आजाराच्या अगदी सुरुवातीलाच उपयोगी पडतात. आणि आपल्या घरांमध्ये नेमका तोच सुरुवातीचा काळ ‘आता वय झालं’ असं म्हणण्यात निघून जातो.

आधी आजार समजून घेऊ.

घडी बिघडलेलं प्रथिन

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, हे आपण विज्ञानात शिकवतो. पण साखळी नुसती तयार होऊन चालत नाही, तिची योग्य घडीही बसावी लागते. पैठणीची घडी नीट असेल तर ती कपाटात व्यवस्थित बसते. घडी विस्कटली की बोंगा होतो आणि शेजारच्या साड्याही चुरगळतात. मेंदूतल्या काही प्रथिनांचं असंच होतं. चुकीची घडी पडलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि शेजारचे रेणूही बिघडत जातात.

१९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूत अशा गुठळ्या आणि गुंते पाहिले. चेतापेशींच्या बाहेर साचणारा तो अमायलॉइड-बीटा आणि पेशींच्या आत गुंता करणारं ते टाऊ. पार्किन्सनमध्ये हाच प्रकार अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचा होतो. म्हणजे आजार वेगळे असले तरी मूळ गोष्ट सारखीच आहे.

सापाच्या लसीवरून समजणारी अँटीबॉडी

अँटीबॉडी म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना सापाच्या लसीवरून चटकन कळतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव या लसीमुळे घराघरात माहीत आहे. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रतिपिंडं तयार होतात, आणि तीच वेगळी काढून माणसाला देतात. आपण तिला लस म्हणतो खरं, पण त्या तयार अँटीबॉडीजच असतात.

अल्झायमरच्या नव्या औषधांचं तत्त्व हेच, फक्त इथे घोडा नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून एकाच साच्यातल्या अँटीबॉडीज बनवतात. त्या शिरेतून देतात. त्या अमायलॉइडला चिकटतात आणि मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी तो साठा उचलून नेतात. लेकानेमॅब हे औषध सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि डोनानेमॅब दर चार आठवड्यांनी दिलं जातं. अमेरिकेत लेकानेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. भारतातही २०२५ मध्ये डोनानेमॅबला परवानगी मिळाली आहे.

ही वाट सोपी नव्हती बरं का. याआधीच्या बापिन्युझुमॅब, सोलानेझुमॅब यांसारख्या अँटीबॉडीज मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरल्या. अड्युकानुमॅबला २०२१ मध्ये वादग्रस्त मान्यता मिळाली, आणि २०२४ मध्ये कंपनीनं ते औषध बंद केलं.

२७ टक्के म्हणजे नेमकं काय?

‘अल्झायमरवर औषध सापडलं’ असा मथळा वाचला की ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे आशा जागी होते. म्हणून आकडा नीट वाचायला आपण शिकवलं पाहिजे. लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ लोक होते. आजाराची तीव्रता १८ गुणांच्या मोजपट्टीवर मोजली. दीड वर्षानंतर औषध न मिळालेल्यांची अवस्था सरासरी १.६६ गुणांनी खालावली, औषध मिळालेल्यांची १.२१ गुणांनी. फरक ०.४५ गुणांचा. १.६६ च्या तुलनेत तो २७ टक्के होतो.

म्हणजे २७ टक्के लोक बरे झाले, असं अजिबात नाही. खालावले दोन्ही गट, फक्त एक जरा हळू खालावला. शेकडेवारी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. शिवाय धोकेही आहेत. काहींच्या मेंदूला सूज येते, काहींना सूक्ष्म रक्तस्राव होतो. लेकानेमॅबच्या चाचणीत १०० पैकी साधारण १२-१३ जणांच्या स्कॅनमध्ये सूज दिसली, डोनानेमॅबच्या चाचणीत साधारण २४ जणांच्या. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण काही मृत्यूही झाले. म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो. औषध सुरू करण्याआधी मेंदूत अमायलॉइड आहे हे पेट स्कॅननं किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून सिद्ध करावं लागतं. जमीन विकून उपचाराला निघण्याआधी घरच्यांनी हे सगळं डॉक्टरांना स्पष्ट विचारलं पाहिजे.

तरीही मी या औषधांना कमी लेखणार नाही. आजाराच्या मुळाशी असलेल्या गोष्टीवर घाव घालून त्याचा वेग कमी करता येतो, हे पहिल्यांदाच सिद्ध झालं आहे. पण ही औषधं सौम्य अवस्थेतल्या रुग्णांसाठीच आहेत. सापाच्या लसीनं मेलेली ऊती परत येत नाही, तसंच अँटीबॉडीनं मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. साप चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, हे आपण मुलांना ठासून सांगतो. इथेही तोच धडा आहे, फक्त तासांच्या जागी वर्षं आहेत.

“औषध परवडणार नाही, मग तपासून काय उपयोग?”

पालक हा प्रश्न विचारतील आणि तो रास्त आहे. पण विसराळूपणा म्हणजे दरवेळी अल्झायमर नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, यांमुळेही माणूस गोंधळतो आणि त्यावर स्वस्तात उपचार होतात. अल्झायमरच निघाला तरी लक्षणं काही काळ हलकी करणाऱ्या साध्या गोळ्या आहेत. पैशांचे व्यवहार, घरातली सुरक्षितता, कोणी कधी सोबत थांबायचं, हे वेळेवर ठरवता येतं. आपल्या भागातल्या रुग्णांना पहिली तपासणी घाटी रुग्णालयात करून घेता येते.

भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि कमी शिकलेल्यांमध्ये तो जास्त आढळला. लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत लहानपणीचं अपुरं शिक्षण आहे. सातवीनंतर शाळा सुटणाऱ्या मुलीला आपण वर्गात टिकवतो, तेव्हा तिच्या सत्तरीतल्या मेंदूसाठीही काम करत असतो. अर्थात शिक्षण हे कवच नाही. ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले शास्त्री तर संस्कृतचे गाढे पंडित होते.

आपण काय करू शकतो?

एक, म्हण जरूर शिकवा, पण सोबत सांगा, की साठीनंतर बुद्धी जातेच असं नाही, आणि जात असेल तर तो आजार असू शकतो.

दोन, मुलांना लक्षणं सांगा. आजी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, आयुष्यभर गुलमंडीवरून औरंगपुऱ्याला चालत गेलेले आजोबा त्याच रस्त्यावर चुकतात, सुट्ट्या पैशांचा हिशोब जमेनासा होतो. असं दिसलं तर हसू नका, आई-बाबांना सांगा. घरात आजी-आजोबांजवळ सर्वांत जास्त वेळ मुलंच असतात, म्हणून त्यांना ते आधी दिसतं.

तीन, २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्याच्या जवळच्या पालक सभेत दहा मिनिटं या विषयाला द्या.

नवीन औषध आपल्या तालुक्यापर्यंत कधी आणि किती किमतीत पोहोचेल, हे आपल्या हातात नाही. पण ते पोहोचेल तेव्हा त्याचा उपयोग होईल अशा अवस्थेत आपली माणसं डॉक्टरांपर्यंत गेलेली असावीत, एवढं तर आपल्या हातात आहे ना? आपापल्या वर्गात जरूर करून बघा.