भात्याचा कॅमेरा कुणाचा?
शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओतला भात्याचा लाकडी कॅमेरा जुन्या बाजारात हाती लागला, की घेणारा आधी लेन्सवरचं नाव वाचतो आणि ‘डालमेयर’ दिसलं की सगळा कॅमेराच डालमेयरचा ठरवून मोकळा होतो. पण लेन्स एकाची, शटर दुसऱ्याचं, पेटी तिसऱ्याची, आणि पितळी पट्टीवरचं नाव पुष्कळदा नुसतं विकणाऱ्या दुकानाचं! म्हणून आधी प्लेटचा खाचा मोजा: ४¾ बाय ६½ इंच भरला तर हाफ प्लेट, ६½ बाय ८½ भरला तर फुल प्लेट. दोरी ओढून गुंडाळायचा कापडी पडदा असेल, तर शटर थॉर्नटन-पिकार्डच्या पद्धतीचं. नाव सापडलं नाही म्हणून माल विलायतीच, असंही समजू नका. केरळात आलप्पुळ्याला के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात ‘वागीश्वरी’ कॅमेरे बनवायला घेतले आणि ते देशातल्या कितीतरी स्टुडिओंत पोचले. अंधारात भात्याच्या आत टॉर्च लावून छिद्रं तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरतेच. आणि कृपा करून, ओळख पटेपर्यंत लाकूड घासून पॉलिश करू नका. उरलेसुरले शिक्के आणि आकडे त्यातच जातात.